वीस गायींचा गोठा एक्सेलमध्ये: निर्णय घेण्याआधी सात वर्षे चालवून पाहा

गोठ्याचा प्रकल्प अहवाल बहुतेक वेळा एका पानात आटोपतो. गायी वीस, दर गायीमागे दूध इतके, दर इतका, खाद्य इतके, वजा जाता उरले ते बारा महिन्यांनी गुणायचे. या हिशेबातली बेरीज-वजाबाकी बरोबरच असते, पण त्यात काळ नसतो. आज सेक्स सॉर्टेड सीमेन (कालवडच जन्मावी म्हणून निवडून वेगळे केलेले वीर्य) भरवले तर कालवड नऊ महिन्यांनी जन्मते, आणि ती व्यायला आणखी तीस महिने जातात. मधल्या ३९ महिन्यांत तिच्या खाण्याचा पैसा कुठून येणार, हे सरासरीच्या पानावर दिसतच नाही.

डायनॅमिक सिम्युलेशन मॉडेल नेमके तेवढेच काम करते. आज गोठा कसा आहे ते लिहायचे, दहा दिवसांत काय बदलते याचे नियम लिहायचे, आणि तेच नियम पुन्हा पुन्हा लावत पुढे जायचे. एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात कारखान्यांच्या साठ्यासाठी ही पद्धत मांडली. साठा, आवक, जावक आणि मधला विलंब या चार गोष्टी जिथे असतात तिथे ती लागू पडते. गोठ्यात चारही भरपूर आहेत.

तयार मॉडेल का नको

अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेचे इंटिग्रेटेड फार्म सिस्टिम मॉडेल, डेन्मार्कचे सिमहर्ड, आयर्लंडचे मूरपार्क मॉडेल ही सगळी कसलेली मॉडेल्स आहेत. रचना शिकायला ती जरूर पाहावीत. पण त्यांचे आकडे इथे चालत नाहीत, आणि सगळ्यात जास्त फसवतो तो गाय काढण्याचा हिशेब. तिकडे कळपातून काढलेली गाय मांसाच्या भावाने विकली जाते आणि तो पैसा नव्या गायीच्या खरेदीत मोठा वाटा उचलतो. महाराष्ट्रात गोहत्येवर आधीपासून बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे भाकड संकरित गाय आणि संकरित गोऱ्हा यांना नावापुरतीच किंमत येते, कधी तीही येत नाही. परदेशी मॉडेलमधली 'कमी दुधाची गाय लवकर काढा' ही शिफारस जशीच्या तशी उचलली तर निर्णय उलटा पडतो. म्हशींचा गोठा असेल तर गणित वेगळे आहे. तिथे काढलेल्या जनावराला भाव असतो.

वेन्सिम किंवा स्टेला ही सॉफ्टवेअर साठा-प्रवाहाची आकृती काढायला छान आहेत. वेन्सिमची पीएलई आवृत्ती शिकण्यासाठी मोफत मिळते. मात्र वीस-तीस गायींच्या गोठ्याला एक्सेल पुरते, कारण इथे प्रत्येक गाय स्वतंत्र ओळीत ठेवता येते. 'गाभण गायी' असा एकच साठा धरून त्यातून दरमहा नववा हिस्सा व्याला असे लिहिले, तर आज भरवलेल्या गायींपैकी काही पुढच्याच महिन्यात व्यालेल्या दिसतात. शिवाय ०.३ गाय मेली, १.७ गायी व्याल्या असे आकडे येतात. हजार गायींच्या फार्मवर हे खपून जाते, वीस गायींच्या गोठ्यात नाही.

पाऊल दहा दिवसांचे

महिन्याचे पाऊल धरले की गाभणकाळ नऊ महिने घ्यावा की दहा, इथेच अडायला होते, आणि वेतांतल्या अंतरात वीस-पंचवीस दिवसांची चूक सहज शिरते. दहा दिवसांचे पाऊल सोयीचे पडते. गाभणकाळ २८० दिवस म्हणजे २८ पावले, व्याल्यानंतर भरवण्याआधीची विश्रांती ६० दिवस म्हणजे ६ पावले, भाकडकाळही ६ पावले. शिवाय बहुतेक डेअऱ्यांचा दुधाचा पगार दहा दिवसांनीच होतो, म्हणजे तपासणीसाठी बिले आयतीच हाताशी असतात. वर्षाला ३६ पावले, सात वर्षांना २५२ रकाने. एका पावलात १०.१४ दिवस धरा, म्हणजे वर्षाचे पाच दिवस हरवत नाहीत.

सात वर्षे का? कालवडीला दूध द्यायला ३९ महिने लागतात आणि तिची दोन वेते तरी हिशेबात यायला हवीत. तीन वर्षांच्या मॉडेलमध्ये कालवड संगोपनाचा फक्त खर्च दिसतो.

गायीचा नियम

प्रत्येक गायीसाठी दोन ओळी. पहिलीत व्याल्यापासूनची पावले, दुसरीत गाभणपणाची पावले. नियम असे:

- गाभण २८ झाली की पुढच्या पावलात गाभण ०, व्याल्यापासून १, वेत एकने वाढले.
- गाभण १ ते २७ असेल तर एकने वाढवा.
- गाभण ० असेल आणि व्याल्यापासून ७ किंवा जास्त पावले झाली असतील, तर नशिबाचा आकडा (० ते १ मधला, चिठ्ठी काढल्यासारखा कोणताही आकडा) गर्भधारणेच्या शक्यतेपेक्षा लहान आला की गाभण १, नाहीतर ०.
- गाभण २३ पासून गाय आटवलेली, दूध शून्य.

सुरुवातीची स्थिती खऱ्या गोठ्याच्या नोंदवहीतून भरा. आजपर्यंत व्याल्याला किती दिवस झाले भागिले दहा, तपासून गाभण ठरलेली असेल तर भरवल्याला किती दिवस झाले भागिले दहा. भरवलेली पण अजून तपासलेली नाही अशी गाय सरळ गाभण धरू नका. तिलाही गर्भधारणेच्या टक्केवारीने नशिबावर सोडा. सगळ्या गायी एकाच टप्प्यावर आहेत असे धरून सुरुवात केली, तर पुढची दोन वर्षे दुधाचा आलेख लाटांसारखा वरखाली होतो. तो गोठ्याचा गुण नसून भरलेल्या आकड्यांचा असतो. एकाच महिन्यात सगळ्या ताज्या व्यालेल्या गायी आणल्या तर मात्र ही लाट खरीच येते. नाबार्डच्या नमुना प्रकल्पांत जनावरे पाच-सहा महिन्यांच्या अंतराने दोन गटांत घ्यायला सांगतात ते याचसाठी.

आता गर्भधारणेची शक्यता. माज २१ दिवसांनी येतो. त्यातले किती माज आपल्या नजरेला पडतात आणि भरवल्यावर किती टिकतात, या दोघांचा गुणाकार म्हणजे एका चक्रातली शक्यता. माज ओळखण्याचे प्रमाण काढायला नोंदवहीत एक तारीख धरा. त्या दिवशी व्याल्याला ६० दिवस उलटलेल्या आणि गाभण नसलेल्या गायी मोजा, पुढच्या २१ दिवसांत त्यांतल्या किती भरवल्या ते पाहा. चौदापैकी सात भरवल्या तर ५० टक्के. अशा २१ दिवसांच्या एकाच खिडकीवर विसंबू नका, वर्षभरातल्या सतरा खिडक्यांची बेरीज करा. गर्भ राहण्याचे प्रमाण म्हणजे वर्षातल्या एकूण रेतनांपैकी किती टिकली. उलटलेल्या (भरवूनही पुन्हा माजावर आलेल्या) गायींची रेतने त्यात धरायची विसरू नका, हे प्रमाण फुगते ते तिथेच.

५० टक्के आणि ४० टक्के असतील तर एका चक्रात २० टक्के. दहा दिवसांच्या पावलासाठी हे सरळ निम्मे करायचे नाही. १ वजा (०.८० चा १०/२१ वा घात) असे काढायचे. उत्तर १०.१ टक्के येते. इथे फरक किरकोळ दिसतो, पण शक्यता वाढत गेली की निम्म्याचा हिशेब भरकटतो.

एप्रिल ते जून या पावलांना गर्भधारणेसाठी ०.७५ आणि दुधासाठी ०.९२ असा गुणक लावून सुरुवात करा. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायीला आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाही. तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या वर गेला की खाणे आणि दूध दोन्ही घटते. फॉगर आणि पंखे असतील तर गुणक एकाच्या जवळ न्या. आपल्या डेअरीच्या मे महिन्याच्या बिलांवरून नेमका आकडा मिळेलच.

दुधाचा वक्र

१९६७ मध्ये वूड यांनी दिलेले सूत्र अजूनही पुरेसे आहे: दूध = अ × (आठवड्याचा ब वा घात) × ई चा (उणे क × आठवडा) वा घात. ब भागिले क केले की शिखर कितव्या आठवड्यात येते ते कळते. अ १५, ब ०.२, क ०.०३ घेतले तर शिखर सातव्या आठवड्याच्या सुमारास, दिवसाला १८ लिटर. दुसऱ्या महिन्यात सरासरी १७.९, सहाव्यात १३.८, दहाव्यात ९.१, आणि ३०५ दिवसांचे वेत सुमारे ४,२५० लिटर. पहिलारू गायीला अ पाऊणपट ते ०.८ पट करा, तिचा वक्र जरा सपाट ठेवा.

यातला क, म्हणजे शिखरानंतर दूध किती वेगाने घटते तो, हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि तोच बहुतेक जण मोजत नाहीत. शिखराचे दूध सगळ्यांना तोंडपाठ असते, आठव्या महिन्याचे कुणाला विचारावे तर आठवत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक गायीचे दोन्ही वेळचे दूध मोजले तर वर्षात क मिळतो.

एका दिवसाचा पैसा

उदाहरणापुरते दर धरू: दूध ३२ रुपये लिटर, पशुखाद्य ३२ रुपये किलो, हिरवा चारा ३ रुपये, कडबा कुट्टी ८ रुपये. जागेवर आपले दर टाका. गायीला रोज २० किलो हिरवा आणि ४ किलो कडबा, म्हणजे ९२ रुपये. खाद्य शरीरासाठी दीड किलो आणि वर लिटरमागे ४०० ग्रॅम.

दुसऱ्या महिन्यातल्या गायीला १७.९ लिटरवर ८.७ किलो खाद्य लागते. एकूण खाणे ३६९ रुपयांचे, दूध ५७३ रुपयांचे, हातात २०४. त्याच गायीचा बारावा महिना घ्या. दूध ७.३ लिटर, खाद्य ४.४ किलो, खाणे २३३ रुपये, दूध २३४ रुपये. शिल्लक एक रुपया. मजुरी, डॉक्टर, वीज यांतले काहीच अजून वजा केलेले नाही. हा टप्पा मॉडेलमध्ये वेगळ्या रंगाने दिसेल अशी सोय करा. भाकड गायीचे खाणे १५० रुपये धरा. शेवटच्या तीन आठवड्यांत खाद्य वाढवावे लागते, ते त्यातच आले.

फॅट ३.५ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ८.५ टक्क्यांच्या खाली गेल्यावरची कपात प्रत्येक डेअरीची वेगळी असते. दरपत्रक समोर ठेवून ती स्वतंत्र ओळीत घाला. पावसाळ्यात कोवळ्या चाऱ्यावर फॅट घसरते, तेव्हा लिटर वाढूनही पगार तेवढाच राहिलेला दिसतो.

कालवडी आणि चारा

वासरांसाठी वयाची ९० पावलांची साखळी करा. जन्मलेली कालवड दर पावलाला एक घर पुढे सरकते आणि ९० वे घर ओलांडले की पहिलारू गाय म्हणून गोठ्यात येते. पहिल्या तीन महिन्यांत मरतूक जास्त, नंतर कमी. मिळून २० टक्के, आणि व्यायच्या वयापर्यंत गाभणच न राहणाऱ्या १० टक्के असे धरून चालू. खर्चही वयाप्रमाणे बदलतो. पहिले ९० दिवस रोज ४ लिटर दूध म्हणजे १२८ रुपये, पुढचे ९ महिने रोज ५० आणि नंतर व्याईपर्यंत रोज ८०. एकूण सुमारे ६९ हजार, म्हणजे दिवसाला सरासरी ७७ रुपये. 'घरचीच आहे, तिला काय लागते' या हिशेबाने सर्वांत मोठी गल्लत होते ती इथे.

चाऱ्याचा साठा टनात ठेवा, पैशात नाही. मुरघासाचे गणित सरळ आहे. २० गायी, रोज १५ किलो, १२० दिवस म्हणजे ३६ टन. चांगल्या दाबलेल्या खड्ड्यात घनमीटरला ६०० किलो बसतो, तेव्हा १२ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २ मीटर उंच जागा लागते. वाया जाणारा १० ते १५ टक्के भाग धरून तितका मका जास्त पेरायचा. दाब नीट बसला नाही तर नासाडी याच्या दुपटीवर जाते, म्हणून नासाडी हा बदलता आकडा ठेवा. साठा शून्याखाली जाऊ देऊ नका. 'साठा संपला तर उरलेली गरज उन्हाळी भावाने विकत' असा नियम लिहा. उणे चारा खाऊन दूध देणाऱ्या गायी कागदावर फार दिसतात.

इथेच मॉडेलमधला एकमेव खरा चक्राकार परिणाम बसवा: जनावरे वाढली, हिरवा चारा जनावरामागे कमी झाला, दूध घटले, माज लांबला, पगार घटला, खाद्य उधारीवर आले. चाऱ्याची तूट १० टक्क्यांवर गेली की दुधाला आणि गर्भधारणेला लहानसा गुणक लावणे एवढे पुरते. पाच-सहा चक्रे एकमेकांत गुंतवली की मॉडेल काय सांगते आहे ते कुणालाच कळत नाही.

नशिबाचे आकडे

एक्सेलचे 'रँड' सूत्र प्रत्येक बदलाला नवा आकडा देते. त्यामुळे धोरण बदलले म्हणून उत्तर बदलले की नशीब बदलले म्हणून, हे सांगता येत नाही. दोन धोरणांची तुलना करताना दोघांनाही तेच नशीब मिळाले पाहिजे. त्यासाठी सात वर्षांच्या प्रत्येक पूर्ण चालवणीला, म्हणजे फेरीला, क्रमांक द्या आणि फेरी, गाय, पाऊल यांच्या क्रमांकांवरून आकडा सूत्रातून काढा: साइन (फेरी × १२.९८९८ + गाय × ७८.२३३ + पाऊल × ३७.७१९) ला ४३७५८.५४५३ ने गुणा आणि 'मॉड' लावून दशांश भाग घ्या. फेरी क्रमांक तोच ठेवला की तेच आकडे पुन्हा येतात. शुद्ध संख्याशास्त्राच्या कसोटीला हे उतरणार नाही, कामापुरते चालते. प्रत्येक ओळीची सरासरी ०.५ च्या आसपास आहे ना, एवढे पाहून घ्या.

गर्भधारणेला आणि मृत्यूला एकच आकडा वापरू नका. दोन्ही नियमांत 'आकडा लहान आला तर' असे असते, त्यामुळे ज्या गायी मरायच्या त्या नेमक्या त्याच पावलात गाभण राहतात आणि हिशेब गुपचूप बिघडतो. मृत्यूसाठी सूत्रातले गुणक बदलून दुसरी ओळ करा.

दोनशे फेऱ्यांसाठी 'व्हॉट-इफ' मधला 'डेटा टेबल' वापरा. डावीकडे १ ते २००, इनपुट म्हणून फेरी क्रमांकाची पेटी. कॅल्क्युलेशन 'ऑटोमॅटिक एक्सेप्ट डेटा टेबल्स' वर ठेवा, नाहीतर प्रत्येक अक्षराला संगणक अडेल. गुगल शीट्समध्ये डेटा टेबल नाही, तिथे हे काम होणार नाही.

धोरणे चालवण्याआधी तपासणी

आधी टोकाचे आकडे टाका. गर्भधारणेची शक्यता शून्य केली की २८ पावलांनंतर एकही वासरू जन्माला यायला नको. आधीच्या गायी + आलेल्या − गेलेल्या = आताच्या गायी हे प्रत्येक रकान्यात जुळायला हवे. त्यासाठी एक तपासणीची ओळच ठेवा आणि ती शून्य नसेल तर लाल करा.

मग हाताच्या हिशेबाशी ताळा घ्या. चक्रात २० टक्के शक्यता असेल तर गाय सरासरी १५५ व्या दिवशी गाभण राहते: ६० विश्रांतीचे, पहिल्या माजाची वाट पाहण्याचे साडेदहा, आणि त्यानंतर सरासरी चार चक्रांचे ८४. त्यात २८० मिळवले की दोन वेतांतले अंतर ४३५ दिवस. वरच्या वक्राने गायीमागे रोज ११ लिटर पडतात, म्हणजे वीस गायींना २२० लिटर. वर्षाला १६-१७ गायी व्यातात, त्यात कालवडी आठ-साडेआठ, आणि कोणत्याही दिवशी गोठ्यात १७ च्या आसपास लहान कालवडी. उन्हाळ्याचे गुणक आणि गायी काढण्याचा नियम बंद ठेवून मॉडेलने याच्या जवळपासचे आकडे दिले पाहिजेत. ते आले नाहीत तर नियमात चूक आहे, पुढे जाऊ नका.

शेवटी मागच्या वर्षीचे दर आणि मागच्या वर्षीची सुरुवातीची स्थिती टाकून डेअरीच्या ३६ बिलांशी ताडून पाहा. वर्षाचे लिटर ५ टक्क्यांत आणि बहुतेक बिले १० टक्क्यांत बसली तर मॉडेल वापरण्याजोगे आहे. एप्रिल-मे सतत चुकत असतील तर ऋतूचा गुणक दुरुस्त करा, अ ला हात लावू नका.

माज: तीच सुधारणा, दोन गोठे

माज ओळखण्याचे प्रमाण ५० वरून ७० टक्क्यांवर नेले, रोज पहाटे, दुपारी आणि रात्री वीस-वीस मिनिटे कुणीतरी गायींकडे फक्त पाहत उभे राहिले, तर चक्रातली शक्यता २८ टक्के होते, गाय १२५ व्या दिवशी गाभण राहते आणि वेतांतले अंतर ४०५ दिवसांवर येते. वरच्या वक्राच्या गोठ्यात खाणे वजा जाता दर गायीमागे रोज ७० रुपये उरत होते ते ७५ होतात. वीस गायींना रोज सुमारे १०८ रुपये, म्हणजे ८ टक्के वाढ. ऐकून निराशाच व्हावी.

आता क ०.०४५ करा आणि अ १६.३. शिखर तेच १८ लिटर, पण गाय लवकर दूध सोडते: आठव्या महिन्यात ७.५ लिटर, वेत ३,५०० लिटर. या गोठ्यात रोजचे उरणारे मुळात २७ रुपये, सुधारणेनंतर ३४. वीस गायींना रोज १४६ रुपये, वाढ २७ टक्के. शिखराचे दूध सारखेच असलेल्या शेजारच्या दोन गोठ्यांना एकच सल्ला देता येत नाही, तो असा. दुधाला चिवट असलेल्या गायींच्या मालकाने माज पाहायला दिवसातून चौथ्यांदा जाण्यापेक्षा चाऱ्याकडे पाहावे. लवकर दूध सोडणाऱ्या गोठ्यात मात्र माजाची नोंदवही हीच पहिली गुंतवणूक.

सेक्स सॉर्टेड सीमेन

५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला देशी तंत्रज्ञानाच्या सेक्स सॉर्टेड सीमेनचे उद्घाटन झाल्यापासून याची चौकशी फार वाढली. मॉडेलमध्ये दोनच आकडे बदलतात: कालवडीची शक्यता ५० वरून ९० टक्के, आणि गर्भ राहण्याचे प्रमाण खाली, समजा ४० वरून ३४.

सगळ्या गायींना वापरले तर गाभण राहण्याचे सरासरी दिवस १५५ वरून १७३ होतात, वर्षाला व्याणाऱ्या गायी १६.८ वरून १६.१, आणि कालवडी ८.४ वरून १४.५. म्हणजे वर्षाला सहा जास्त. मरतूक वजा जाता सव्वातीन वर्षांच्या सुमारास गोठ्यात बारा-तेरा जादा कालवडी उभ्या असतात आणि त्यांचे खाणे महिन्याला ३० हजारांच्या घरात जाते. वीस गायींच्या दुधातून खाणे वजा जाता महिन्याला ४२ हजार उरत होते हे लक्षात घ्या. आधीच्या सतरा कालवडी त्यातले ३९ हजार खात होत्याच. जादा ३० हजार खिशातून, नाहीतर कर्जातून.

म्हणून मॉडेलमध्ये वापराचे नियम वेगवेगळे करून पाहा: फक्त कालवडींना पहिल्या दोन रेतनांपुरते, कालवडी आणि पहिलारूंना पहिल्या रेतनाला, किंवा वर्षाला लागणाऱ्या बदली गायींएवढ्याच कालवडी जन्मतील इतके. दरवर्षी चार गायी बदलायच्या असतील तर गोठ्याला जन्मतःच सहा कालवडी पुरतात. त्यापुढची प्रत्येक कालवड विकण्यासाठी आहे, आणि तेव्हा तुम्ही दुधाच्या नव्हे, कालवडींच्या धंद्यात उतरता. तो धंदा चांगला असू शकतो. फक्त कोणत्या वयाला विकायची ते आधी ठरवा. सहा महिन्यांची, भरवण्याच्या वयाची, की गाभण? तिन्ही चालवून पाहिल्याशिवाय मात्रा मागवू नका.

गाय कधी काढायची

३०० दिवस होऊनही गाभण नाही आणि दूध ७ लिटरच्या खाली गेले तर काढा, असा नियम घालून सुरुवात करा. मग ३०० च्या जागी २४० आणि ३६० घालून पाहा. विक्री किंमत शून्याजवळ असल्याने उत्तर बहुधा बदली जनावर कितीला मिळते यावर ठरते. घरची पहिलारू तयार असेल तर लवकर काढणे परवडते, बाजारातून आणायची असेल तर तीच गाय आणखी दोन रेतने ठेवणे स्वस्त पडते. एक काळजी घ्या: मॉडेलला गाय गाभण आहे की नाही ते लगेच कळते, तुम्हाला ६० ते ९० दिवसांनी डॉक्टर हात घालतात तेव्हा. काढण्याच्या नियमात तेवढा उशीर लिहिला नाही तर मॉडेल तुमच्यापेक्षा शहाणे ठरते.

उत्तर कसे वाचायचे

दोनशे फेऱ्यांतून तीन आकडे काढा. सात वर्षांअखेरची शिल्लक, सात वर्षांत हातातला पैसा सर्वांत खाली किती गेला, आणि तो तळ कितव्या पावलात आला. सरासरीबरोबर खालून विसावी फेरीही पाहा, ती दहातल्या एका वाईट नशिबाची असते. सरासरीत उजवे धोरण चौतिसाव्या महिन्यात तीन लाखांनी खाली जात असेल आणि तुमची पत दोन लाखांची असेल, तर ते धोरण तुमच्यासाठी नाही.

अखेरच्या शिल्लकेत गोठ्यातल्या जनावरांची किंमत धरा. ती सोडली तर कालवडी वाढवणारे प्रत्येक धोरण तोट्यातच दिसते, कारण खर्च झालेला असतो आणि दूध आठव्या वर्षी यायचे असते. उलट ती चढ्या भावाने धरली तर प्रत्येक विस्तार सोन्याचा वाटतो. बाजारभावाच्या ७० टक्के धरा आणि ५० टक्क्यांनीही एकदा पाहा. क्रम बदलला तर निर्णय त्या एका गृहीतावर उभा आहे हे समजा.

दराचे धक्के स्वतंत्र चालवा, नशिबाच्या आकड्यांत मिसळू नका. दूध पडते तेव्हा गायी-कालवडींचे भावही पडतात. २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपये सरकारी अनुदान द्यावे लागले त्या काळात चांगली गाभण कालवड कुणी मागत नव्हते. म्हणून दुधाचा दर वर्षभर ५ रुपयांनी खाली आणि त्याच पावलांत जनावरांची किंमत तीस टक्क्यांनी खाली, असे जोडीने टाका. २०२२ च्या लम्पीसारखा प्रसंग वेगळा करा: सहा पावले दूध वीस टक्के कमी, दोन गायी गेल्या, आणि जनावरांचे बाजार बंद असल्याने पंधरा पावले कालवड विक्री शून्य. त्या पंधरा पावलांत विकायच्या कालवडी गोठ्यातच उभ्या राहून खातात, आणि ते खाणे मॉडेलच्या चाऱ्याच्या साठ्यातून वजा होते आहे ना, हे पाहून घ्या.